१८ महिन्यांसाठी गेल्या, १४ वर्षांनी परतल्या. कोण होत्या अलेक्झांड्रा डेव्हिड-नील?

फेब्रुवारी १९२४. तिबेटी नववर्षाच्या यात्रेसाठी ल्हासाकडे माणसांची रीघ लागली होती. त्यात एक भिकारीण आणि तिचा लामा मुलगाही होता. त्यांना कुणी अडवलं नाही. ही भिकारीण होती ५५ वर्षांची फ्रेंच लेखिका अलेक्झांड्रा डेव्हिड-नील. परदेशी लोकांना बंदी असलेल्या ल्हासात पोहोचलेल्या त्या पहिल्या युरोपीय महिला मानल्या जातात.

१८६८ मध्ये पॅरिसजवळ जन्मलेल्या अलेक्झांड्रा यांना बौद्ध धर्माची ओढ लागली ती पॅरिसच्या गिमे संग्रहालयात. पोटासाठी त्या ऑपेरात गायच्या. हनोईच्या रंगमंचावरही गायल्या. १९०४ मध्ये ट्युनिसमध्ये रेल्वे इंजिनीअर फिलीप नील यांच्याशी लग्न झालं, पण संसारात मन रमलं नाही. १९११ मध्ये १८ महिन्यांत परत येते, असं नवऱ्याला सांगून त्या भारताकडे निघाल्या.

पुढच्या वर्षी कालिम्पोंगला त्यांनी तेराव्या दलाई लामांची भेट घेतली. पण अभ्यासाला साधना करायची असेल, तर भेटीगाठी पुरत नाहीत. उत्तर सिक्कीममध्ये लाचेनच्या गोमचेन या साधूचं शिष्यत्व पत्करून त्या सुमारे १३ हजार फुटांवरच्या गुहेत राहिल्या. दोन वर्षं तिबेटी भाषा, ग्रंथ आणि ध्यान. हिवाळ्यात बर्फाने वाट बंद व्हायची. विशेष म्हणजे, चमत्कारांच्या गोष्टी त्यांनी चवीने लिहिल्या, तरी त्यांची बुद्धी शेवटपर्यंत चिकित्सकच राहिली.

१९१६ मध्ये परवानगीविना तिबेटात शिगात्सेला गेल्यामुळे ब्रिटिशांनी त्यांना सिक्कीमबाहेर काढलं. मग जपान, कोरिया, चीन. कुंबुम मठात मुक्काम. आणि १९२३ मध्ये चीनच्या युनानमधून पायी ल्हासाकडे! केसांना चिनी शाई, याकच्या केसांच्या वेण्या, चेहऱ्याला कोको आणि कोळशाची पूड, कपड्यांच्या आत पिस्तूल. वाटेत लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, भविष्य सांगून चार घास मिळवायचे, हे काम मात्र मुलाचं. हा योंगदेन मूळचा सिक्कीमचा. किशोरवयात त्यांच्याकडे आला आणि पुढे त्यांचा दत्तक पुत्र झाला. ल्हासाच्या प्रवासाचं श्रेय आजही बहुतेक एकट्या अलेक्झांड्रांना दिलं जातं, ते काही न्यायाचं नाही.

आणि फिलीप? बायको परतत नव्हती, तरी त्यांनी वर्षानुवर्षं पैसे पाठवले, तिची पत्रं जपून ठेवली. १९२५ मध्ये ती परतली, पण संसार पुन्हा जुळला नाही. १९४१ मध्ये फिलीप गेले, तेव्हा ती चीनमध्ये युद्धात अडकलेली होती.

फ्रान्समधल्या दीन्य गावी त्यांनी घर बांधलं, नाव ठेवलं सामतेन द्झोंग, म्हणजे ध्यानाचा गड. तिथे १९५५ मध्ये योंगदेन आधी गेला. अलेक्झांड्रांनी शंभराव्या वर्षी पासपोर्टचं नूतनीकरण करून घेतलं! ८ सप्टेंबर १९६९ रोजी त्यांचं निधन झालं. १९७३ मध्ये मायलेकांची रक्षा वाराणसीला आणून एकत्रच गंगेत सोडण्यात आली.