लाटेमागे धावलेला अभियंता

स्कॉटलंडमधील एडिंबरा शहराजवळून जाणाऱ्या युनियन कालव्यावर १८३४ सालच्या ऑगस्ट महिन्यात नावेचा वेग आणि पाण्याचा विरोध यांसंबंधीचे प्रयोग चालू होते. काठावरून दौडणारी घोड्यांची जोडी दोराने एक नाव ओढत होती. नाव एकाएकी थांबली. परंतु तिच्या नाळीपुढे साचलेले पाणी थांबले नाही. क्षणभर त्याची घुसळण झाली आणि मग त्यातून एक गोल, गुळगुळीत, एकसंध उंचवटा सुटा होऊन कालव्यातून एकटाच पुढे निघाला. त्याच्या पुढे पाणी शांत होते, मागेही शांत होते. हे दृश्य पाहणाऱ्या २६ वर्षांच्या तरुणाने घोडा दामटला. ताशी आठ-नऊ मैलांच्या वेगाने जाणारी सुमारे तीस फूट लांबीची आणि फूट-दीड फूट उंचीची ती लाट त्याने मैल-दोन मैल नजरेआड होऊ दिली नाही. कालव्याच्या वळणावळणांत अखेर ती हरवली. तिला पाहणारा माणूस मात्र पुढची ४८ वर्षे तिला विसरला नाही. या माणसाचे नाव जॉन स्कॉट रसेल.

रसेल यांचा जन्म ९ मे १८०८ रोजी ग्लासगोजवळील पार्कहेड येथे झाला. वडील आधी शिक्षक आणि नंतर धर्मोपदेशक होते. मुलाची बुद्धी तल्लख होती. वयाच्या सतराव्या वर्षी ग्लासगो विद्यापीठाची पदवी घेऊन तो एडिंबरामध्ये गणित आणि विज्ञान शिकवू लागला. आईच्या माहेरचे स्कॉट हे नाव त्याने आपल्या नावाला जोडून घेतले. १८३२ मध्ये एडिंबरा विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जॉन लेस्ली यांचे निधन झाले, तेव्हा त्या वर्षाची व्याख्याने देण्याचे काम या चोविशीतल्या तरुणाकडे आले. कायमचे अध्यासन मात्र जेम्स फोर्ब्ज यांना मिळाले. त्यामुळे रसेल विद्यापीठाबाहेर राहिले आणि त्यांनी यंत्रांची वाट धरली.

या वाटेवरचा पहिला मोठा अनुभव दारुण होता. त्यांनी रस्त्यावर धावणारी वाफेची गाडी तयार केली होती आणि १८३४ मध्ये ती ग्लासगो ते पेझली या मार्गावर प्रवासी नेऊ लागली होती. रस्त्याची व्यवस्था पाहणाऱ्यांना ही गाडी नको होती. रस्त्यावर खडीचे थर टाकण्यात आले. २९ जुलै रोजी गाडीचे चाक मोडले, बॉयलर फुटला आणि प्रवासी मृत्युमुखी पडले. गाड्यांची सेवा बंद झाली. त्यानंतर काही आठवड्यांतच कालव्यावरची ती लाट रसेल यांच्या दृष्टीस पडली.

कालव्यावर ते गेले होते ते लाटा पाहण्यासाठी नव्हे. घोड्यांऐवजी वाफेच्या शक्तीने नावा चालवता येतील का, हे त्यांना कालव्याच्या कंपनीसाठी तपासायचे होते. कालव्यांवर काम करणाऱ्यांना एक चमत्कारिक गोष्ट त्याआधीच कळली होती. ग्लासगोकडच्या एका कालव्यावर नाव ओढणारा घोडा बुजून उधळला. नावेचा वेग वाढला, तशी ती ओढणे अवघड होण्याऐवजी सोपे झाले आणि काठ धुऊन काढणाऱ्या लाटाही दिसेनाशा झाल्या. रसेल यांनी याचे कारण शोधले. उथळ पाण्यात लाटेला स्वतःचा एक ठरावीक वेग असतो. नाव त्याहून हळू चालली तर ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर सतत चढत राहते. नावेने तो वेग ओलांडला, की ती लाटेच्या माथ्यावर स्वार होते आणि विरोध घटतो. आणि नाव थांबली, तर तिच्यापुढची लाट तिला सोडून एकटी निघून जाते.

या एकट्या लाटेचा रसेल यांनी ध्यास घेतला. त्यांनी लांब हौद बांधून घेतला, त्याच्या एका टोकाला फळीआड पाणी साठवून ते एकदम सोडण्याची सोय केली आणि शेकडो मोजमापे घेतली. त्यांतून एक साधा नियम हाती आला. लाटेच्या वेगाचा वर्ग म्हणजे गुरुत्व त्वरण गुणिले पाण्याची खोली आणि लाटेची उंची यांची बेरीज. याचा अर्थ असा, की एकाच कालव्यात उंच लाट बुटक्या लाटेपेक्षा वेगाने धावते. पाण्याचा साठा मोठा असेल तर त्यातून एकाऐवजी दोन लाटा निघतात आणि उंच लाट पुढे निघून जाते. या लाटेत पाणी नुसते वरखाली होत नाही. ती जाते तेव्हा वाटेतला प्रत्येक पाण्याचा कण थोडा पुढे सरकून तिथेच थांबतो. म्हणून त्यांनी तिला स्थानांतराची लाट म्हटले. पाण्याच्या विरोधाविषयीच्या संशोधनासाठी एडिंबराच्या रॉयल सोसायटीने १८३७ मध्ये त्यांना पदक दिले. लाटांवरचा त्यांचा सविस्तर अहवाल ब्रिटिश असोसिएशनने १८४४ च्या अधिवेशनानंतर प्रसिद्ध केला.

पदक मिळाले तरी गणितज्ञांचे समाधान झाले नाही. इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी १८४५ मध्ये भरती-ओहोटी आणि लाटांवर मोठा प्रबंध लिहिला. त्यांच्या समीकरणांनुसार उथळ पाण्यातील उंच लाटेचा माथा पायथ्यापेक्षा वेगाने धावायला हवा. त्यामुळे लाटेचा पुढचा उतार अधिकाधिक उभा होऊन ती अखेर फुटलीच पाहिजे. आकार न बदलता मैलभर जाणारी लाट असूच शकत नाही. जॉर्ज स्टोक्स यांनीही १८४७ मध्ये अशा लाटेच्या टिकून राहण्याबद्दल शंका व्यक्त केली. एका बाजूला केंब्रिजचे दोन नामवंत गणिती आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावरून लाटेमागे धावलेला एक जहाजबांधणी करणारा, असा हा सामना होता. त्याचा निकाल अनेक वर्षे गणितींच्या बाजूने लागल्यासारखाच होता.

रसेल यांनी मात्र आपल्या निरीक्षणांवर व्यवसाय उभा केला. लाटेच्या आकाराला अनुसरून जहाजाच्या नाळीला आत वळलेला निमुळता बाक दिला, तर पाणी न उसळता बाजूला सरेल, अशी त्यांची कल्पना होती. तिच्या आधारे त्यांनी अनेक जहाजे बांधली आणि त्यांपैकी कित्येक वेगवान ठरली. १८४४ मध्ये ते लंडनला आले. सोसायटी ऑफ आर्ट्सचे सचिव या नात्याने १८५१ च्या भव्य प्रदर्शनाच्या जुळवाजुळवीत त्यांचा मोठा वाटा होता. टेम्स नदीकाठी मिलवॉल येथे त्यांची गोदी उभी राहिली.

याच गोदीत इसाम्बार्ड किंग्डम ब्रुनेल यांच्या कल्पनेतले महाकाय जहाज आकाराला आले. ६९२ फूट लांबीच्या 'ग्रेट ईस्टर्न'एवढे मोठे जहाज जगाने तोवर पाहिले नव्हते. कल्पना ब्रुनेल यांची; पण जहाजाच्या सांगाड्याचा बाक आणि बांधणी रसेल यांची. त्यांनी ठेक्यासाठी दिलेली किंमत फारच कमी होती. १८५३ मध्ये गोदीला आग लागली, पैशाची तंगी वाढली आणि १८५६ मध्ये रसेल यांचा व्यवसाय दिवाळखोरीत गेला. ब्रुनेल आणि रसेल यांच्यातील विश्वास संपला. नदीकाठाला समांतर बांधलेले ते धूड आडवे सरकवत पाण्यात नेण्याचे प्रयत्न नोव्हेंबर १८५७ मध्ये सुरू झाले आणि ३१ जानेवारी १८५८ रोजी ते एकदाचे तरंगले.

आणखी मोठा आघात पुढे होता. जहाजाच्या धुराड्याभोवती पाण्याचे एक वेष्टन होते. वाया जाणाऱ्या उष्णतेवर बॉयलरसाठीचे पाणी आधीच तापावे आणि शेजारची दालनेही तापू नयेत, हा त्यामागचा हेतू. कागदावर ही युक्ती चोख होती. ९ सप्टेंबर १८५९ रोजी, चाचणीच्या प्रवासात हेस्टिंग्जसमोर असताना, या वेष्टनातील वाफेला बाहेर पडण्याचा मार्ग देणारी तोटी बंद राहिली होती. दाब वाढत गेला आणि स्फोट होऊन पुढचे धुराडे उडाले. भट्टीत कोळसा टाकणारे कामगार वाफेने भाजून मरण पावले. आधीच आजारी असलेल्या ब्रुनेल यांनी सहा दिवसांनी प्राण सोडला. तोटीची जबाबदारी नेमकी कोणाची, यावर चौकशीत बराच वाद झाला. ब्रुनेल यांच्या चरित्रकारांनी पुढे शंभर वर्षे रसेल यांना या कहाणीतील खलनायक ठरवले. १९७७ मध्ये जॉर्ज एमर्सन यांनी लिहिलेले रसेल यांचे चरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा दुसरी बाजू मांडली गेली.

प्रवासी जहाज म्हणून 'ग्रेट ईस्टर्न' तोट्यात गेले. पण समुद्रतळाशी तारायंत्राची केबल टाकण्यास त्याच्याइतके योग्य दुसरे जहाज नव्हते. १८६६ मध्ये त्याने अटलांटिकपार केबल नेली. १८७० च्या आरंभी ते मुंबईच्या बंदरात आले. उष्ण कटिबंधातील उन्हाचा त्रास कमी व्हावा म्हणून त्याला पांढरा रंग देण्यात आला होता. फेब्रुवारीत मुंबईहून निघून त्याने एडनपर्यंत केबल टाकली आणि त्याच वर्षी मुंबई व लंडन ही शहरे समुद्री तारेने जोडली गेली.

रसेल यांच्या आयुष्यातील सर्वांत बोचरा विरोधाभास याच सुमाराचा आहे. विल्यम फ्रूड नावाचे अभियंते जहाजांच्या लहान प्रतिकृती हौदात ओढून मोठ्या जहाजाला होणारा विरोध आधीच सांगता येईल, असे प्रतिपादन करत होते. रसेल यांनी या कल्पनेची जाहीर खिल्ली उडवली. आपणही लहान प्रतिकृती ओढून पाहिल्या आणि त्यांचा मोठ्या जहाजांशी काही संबंध आढळला नाही, हा त्यांचा अनुभव होता. फ्रूड यांनी वाद घालत न बसता १८७१ मध्ये 'ग्रेहाउंड' हे खरे जहाज समुद्रात ओढून त्याचा विरोध मोजला. १८७२ पासून टॉर्की येथे त्यांच्या हौदाचे काम सुरू झाले. प्रतिकृतीचा वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवला, तर तिच्याभोवतीच्या लाटांचा आकार मोठ्या जहाजाच्या लाटांशी जुळतो, हे त्यांनी दाखवून दिले. रसेल यांचा नाळीच्या बाकाचा सिद्धान्त मागे पडला आणि जहाजांचे आराखडे फ्रूड यांच्या पद्धतीने तपासले जाऊ लागले. आपले प्रत्यक्ष निरीक्षण समीकरणांपुढे नाकारले गेल्याची सल बाळगणाऱ्या या माणसाने दुसऱ्याचे निरीक्षण मात्र हसण्यावारी नेले. जी घाई एअरींनी त्यांच्याबाबत केली, तीच त्यांनी फ्रूड यांच्याबाबत केली.

उत्तरायुष्यात त्यांनी १८६० मध्ये नौकाशिल्पज्ञांच्या संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला, तंत्रशिक्षणाचा पुरस्कार केला आणि १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनासाठी शंभर मीटरहून अधिक व्यासाच्या प्रचंड घुमटाची कल्पना दिली. पण शस्त्रखरेदीच्या एका व्यवहारातील पैशांवरून त्यांना १८६७ मध्ये स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेतून बाहेर पडावे लागले होते, आणि तो डाग पुसला गेला नाही. ८ जून १८८२ रोजी आइल ऑफ वाइटवरील व्हेंटनर येथे त्यांचे निधन झाले. स्थानांतराच्या लाटेवरील त्यांचे पुस्तक १८८५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

न्याय मात्र त्यांच्या हयातीतच सुरू झाला होता. फ्रान्समध्ये जोसेफ बूसिनेस्क यांनी १८७१ मध्ये आणि इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले यांनी १८७६ मध्ये अशी एकटी लाट गणितात बसते, हे सिद्ध केले. १८९५ मध्ये डिडेरिक कॉर्टेवेग आणि गुस्ताव्ह द फ्रीस या डच गणितींनी तिचे समीकरण मांडले. एअरींचे गणित चुकले नव्हते, अपुरे होते. लाटेचा माथा पुढे झेपावून तिला उभी करू पाहतो, हे खरेच. पण त्याच वेळी तिच्यातील लहानमोठ्या लांबीचे तरंग वेगवेगळ्या वेगाने जाऊन तिला पसरवू पाहतात. हे दोन ओढे तंतोतंत तुल्यबळ झाले, की लाट फुटतही नाही आणि विरतही नाही.

त्यानंतरही हा विषय बराच काळ अडगळीत राहिला. १९६५ मध्ये नॉर्मन झाबुस्की आणि मार्टिन क्रुस्कल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी संगणकावर तेच समीकरण सोडवले. तेव्हा अशा दोन लाटा एकमेकींतून पार होऊनही आपापला आकार परत धारण करतात, असे दिसले. त्यांनी या लाटांना सॉलिटॉन हे नाव दिले. १९७३ मध्ये अकिरा हासेगावा आणि फ्रेडरिक टॅपर्ट यांनी काचेच्या तंतूतून जाणारे प्रकाशाचे स्पंदही याच तत्त्वाने न पसरता जाऊ शकतील, असे भाकीत केले आणि १९८० मध्ये प्रयोगाने ते खरे ठरले. कालव्यातील लाट प्रकाशाच्या रूपाने दूरसंचाराच्या अभ्यासात येऊन पोहोचली.

१२ जुलै १९९५ रोजी जगभरातील शास्त्रज्ञ एडिंबराजवळ त्याच युनियन कालव्यावर जमले. कालव्याला रस्त्यावरून पलीकडे नेणाऱ्या जलसेतूला तोवर स्कॉट रसेल यांचे नाव देण्यात आले होते. नाव वेगात नेऊन एकाएकी थांबवण्यात आली आणि तिच्यापुढून एक गोल, एकसंध लाट निघाली. ज्या काठावरून रसेल यांनी घोडा दामटला होता, त्याच काठच्या वाटेखालून विसाव्या शतकाच्या अखेरीस एडिंबरा आणि ग्लासगो यांना जोडणारी प्रकाशतंतूंची केबल नेण्यात आली. मुंबईपासून समुद्राखालून तार नेणारे जहाज बांधणाऱ्या माणसाच्या लाटेला याहून उचित शेजार मिळाला नसता.