स्टेनो हॉवर्डचा हिरवा पट्टा

टाऊन प्लॅनिंगच्या ओरलला सरांनी मला गार्डन सिटीची आकृती काढायला सांगितली. मी झकास वर्तुळं काढली. मधे बाग, मग घरं, बाहेर हिरवा पट्टा. सरांनी विचारलं की हा पट्टा हिरवाच राहील कशावरून, उद्या मालकाने प्लॉट पाडून विकले तर? मी गप्प. मार्क गेले ते गेलेच, पण त्या रात्री रूमवर एबेनेझर हॉवर्ड वाचायला घेतला.

पहिला धक्का म्हणजे हा माणूस ना इंजिनीअर ना आर्किटेक्ट! 1850 साली लंडनमध्ये दुकानदाराच्या घरी जन्म, पंधराव्या वर्षी शाळा सुटली, मग कारकुनी. 1871 मध्ये अमेरिकेत नेब्रास्काला शेती करायला गेला, ती साफ बुडाली. काही वर्षं शिकागोत काढून 1876 ला परत आला आणि पार्लमेंटची भाषणं लघुलिपीत उतरवू लागला. पोट भरायचं साधन शेवटपर्यंत हेच.

लंडन तेव्हा चहूबाजूंनी शेतं गिळत चाललं होतं. 1898 मध्ये हॉवर्डने पुस्तक काढलं. त्यातलं गणित असं: 6000 एकर जमीन घ्यायची, 1000 एकरावर गाव वसवायचं, 5000 एकर शेती, कुरणं आणि झाडी. माणसं 32,000. गाव भरलं की पट्टा न खाता त्याच्या पलीकडे दुसरं गाव.

आकृती आपण सगळेच पाठ करतो, पण खरी गोम पुढे आहे. सगळी जमीन शेतीच्या भावाने आधीच घ्यायची आणि विश्वस्तांच्या नावावर ठेवायची. गावकरी आणि शेतकरी सगळे भाडेकरू. गाव वाढलं की जमिनीचा भाव वाढणार, पण ती वाढ कुणा एकाच्या खिशात न जाता भाड्यातून गावाकडेच येणार. पट्टा विकून गब्बर होणारा मालकच शिल्लक नाही! सरांना हेच उत्तर हवं होतं.

1903 मध्ये कंपनी काढून लेचवर्थला 3818 एकर घेतले. आराखडा पार्कर आणि अनविन यांचा. भांडवलासाठी शेअर विकावे लागले, लाभांशाला 5 टक्क्यांची मर्यादा घातली. 1919 मध्ये सहकारी सरकारकडे डोळे लावून बसले असताना 69 वर्षांच्या हॉवर्डने वेल्विनची जमीन लिलावात घेतली. खिशात अनामतीपुरतेही पैसे नव्हते, कमी पडले ते एजंटने उसने दिले. (आमच्या मेसवाल्याकडे अशी उधारी चालत नाही.) तिथेच 1928 मध्ये तो वारला.

त्याच्यानंतर ब्रिटनने 1938 मध्ये लंडनच्या हरित पट्ट्याचा कायदा केला, 1947 मध्ये बांधकामाला परवानगी सक्तीची केली आणि 1955 पासून इतर शहरांनाही पट्टे आखायला सांगितले. त्यामुळे पुष्कळ शेतं वाचली, हे मान्यच. पण यात बहुतेक जमीन खाजगीच राहिली, फक्त परवानगी अडवली. म्हणजे हॉवर्डचं वर्तुळ घेतलं आणि मालकीचा भाग सोडला. परवानगी मिळाली की भाव कित्येक पट, मग दबाव येणारच. आपल्याकडे विकास आराखड्यातला हिरवा रंग पिवळा करून घ्यायला धडपड चालते ती याच फरकापायी.

खुद्द लेचवर्थही सुटलं नाही. 1960 च्या सुमारास बाहेरच्या कंपनीने शेअर गोळा करून ताबा मिळवला. रहिवासी लढले आणि 1962 मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून ती जमीन सार्वजनिक महामंडळाकडे दिली.