श्री संत गाडगे महाराज

परीट समाजात जन्मून साऱ्या महाराष्ट्रास वंदनीय झालेल्या श्री संत गाडगे महाराजांचे चरित्र ज्ञातिबांधवांस अपरिचित नाही. तथापि नव्या पिढीसाठी आम्ही ते संक्षेपाने देत आहो.

महाराजांचा जन्म दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. मूळ नाव डेबूजी. वडील झिंगराजी मद्याच्या आहारी जाऊन अकाली निवर्तले व संसार धुळीस मिळाला. माता सखूबाई मुलास घेऊन दापुरे येथे माहेरी आल्या. तेथे डेबूजींनी गुरे राखली, शेत कसले. बारशासारख्या मंगलप्रसंगीही भाऊबंदांस दारू व सामिष भोजन देण्याची तेव्हा रूढी होती. आपल्या अपत्याच्या बारशास डेबूजींनी ती मोडून गोड जेवण घातले व भाऊबंदांचा रोष पत्करला.

१९०५ साली त्यांनी गृहत्याग केला. दिवसा खराट्याने गाव झाडावे, रात्री कीर्तनातून दारू, कर्ज व पशुहत्या यांचा निषेध करावा, हा त्यांचा क्रम. लोकांच्या देणग्यांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पैकी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन झाली. या वास्तूंवर महाराजांनी स्वतःचा वा कुटुंबीयांचा हक्क ठेवला नाही. दि. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी अमरावतीनजीक देह ठेवला.

धाराशिव जिल्ह्यातून आपले बांधव पंढरीस जातात, महाराजांच्या नावाचा जयघोष करतात. परंतु घरच्या लग्न-बारशात दारूस थारा मिळत असेल, तर तो जयघोष व्यर्थ होय, असे आम्हांस नम्रपणे वाटते.