गाडगेबाबांवरचा ‘देवकीनंदन गोपाळा’ का पाहावा?

ऐतिहासिक चित्रपटांच्या यादीत राजदत्त यांचा ‘देवकीनंदन गोपाळा’ (१९७७) अनेकदा राहून जातो. वऱ्हाडातल्या प्रेक्षकाने तरी तो पाहायलाच हवा. डॉ. श्रीराम लागू यांनी यात साकारलेले गाडगेबाबा म्हणजे डेबूजी जानोरकर. जन्म १८७६, शेंडगाव, जिल्हा अमरावती. दारूपायी वडील लवकर गेले. डेबूजी मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला मामांकडे वाढले, तिथे सावकारी कर्जाने शेतकऱ्याचे काय होते ते घरातच पाहिले. १९०५मध्ये त्यांनी घर सोडले. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन. विषय दारू, कर्ज आणि पशुबळी. लोकवर्गणीतून धर्मशाळा उभारल्या, कुटुंबाला मात्र त्यात वाटा दिला नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ निधन. समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात.