शाळेच्या प्रयोगशाळेतून ऑल इंडिया रेडिओपर्यंत : सेसिल गॉयडर

रेडिओवर बोलणाऱ्याचे नाव घराघरांत ठाऊक असते. पण तो आवाज आपल्यापर्यंत पोचविणाऱ्याचे नाव सहसा कुणी विचारीत नाही. मिहानमध्ये तांत्रिक कामाची संधी शोधणाऱ्या आपल्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना असे एक नाव माहीत असावे, म्हणून हा अल्प परिचय.

१९०६ साली जन्मलेले सेसिल गॉयडर हे लंडनच्या मिल हिल शाळेचे विद्यार्थी. बिनतारी यंत्रांचा त्यांना भारी नाद. त्या काळी दूरच्या संदेशांसाठी लांब लहरीच हव्यात, असे जाणकार मानीत. २०० मीटरहून आखूड लहरी फारशा कामाच्या नाहीत, असे समजून त्या हौशी मंडळींसाठी सोडून दिल्या होत्या. याच टाकून दिलेल्या लहरींवर १८ ऑक्टोबर १९२४ रोजी या शाळकरी मुलाने न्यूझीलंडच्या फ्रँक बेल यांच्याशी संदेशांची देवाणघेवाण केली. पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या टोकाशी! इंग्लंड आणि न्यूझीलंड यांच्यात असा दुतर्फा बिनतारी संपर्क प्रथमच होत होता. तेव्हा गॉयडर अवघे १८ वर्षांचे होते.

१९३६ साली ते मुख्य अभियंता म्हणून भारतात आले. आपल्या प्रसारण खात्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव त्याच वर्षी मिळाले होते. त्यांच्यापुढचा प्रश्न बिकट होता. देश अफाट आणि पैसा तुटपुंजा. मध्यमलहरी दिवसा जमिनीलगत जातात व काही अंतरावर क्षीण होतात. त्यांवर विसंबायचे तर जागोजागी केंद्रे हवीत. लघुलहरी मात्र आकाशातील उंच विद्युतभारित थरावर आदळून शेकडो मैलांवर खाली येतात. त्यांचा आवाज कधी चढतो, कधी विरतो. पण काहीच ऐकू न येण्यापेक्षा ते बरे. म्हणून सगळ्या देशाला आवाज पोचविण्यासाठी गॉयडर यांनी लघुलहरींचा आधार घेतला. १९३७-३८ मध्ये दिल्ली, मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे लघुलहरींची प्रक्षेपण यंत्रे सुरू झाली. लाहोर, लखनौ, तिरुचिरापल्ली व ढाका येथे मध्यमलहरींची केंद्रे निघाली. आपल्या नागपूरला केंद्र मिळाले ते १६ जुलै १९४८ रोजी. तोपर्यंत इथल्या श्रोत्यांची भिस्त दूरच्या केंद्रांवरच होती.

१९४० पासून खात्याची सूत्रे उर्दूचे नामवंत विनोदी लेखक अहमद शाह बुखारी ऊर्फ ‘पतरस’ यांच्याकडे होती. एकीकडे साहित्यिक, दुसरीकडे अभियंता. रेडिओला दोघांचीही गरज असते. दहा वर्षांच्या सेवेनंतर गॉयडर १९४६ मध्ये निवृत्त होऊन गेले. १९८० साली त्यांचे निधन झाले.

पालकहो, माझ्या वर्गातील एका मुलाने घरचा बंद रेडिओ उघडला म्हणून मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारले, सर, यात माझे काय चुकले? मला उत्तर देता आले नाही. गॉयडर यांच्या शाळेने त्यांच्या नादाला जागा दिली आणि त्याचा लाभ पुढे आपल्या देशाला झाला. विद्यार्थ्यांनीही ध्यानात ठेवावे की, नुसती खटपट पुरत नाही. तिला गणित आणि विज्ञानाच्या अभ्यासाची जोड हवी. मुलाच्या हातात पेचकस दिसला, तर तो हिसकावून घेण्यापूर्वी एवढे तरी विचारावे : बेटा, काय शोधतो आहेस?