नादाची जात शोधणारा डॉक्टर

हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांचा जन्म जर्मनीतील पॉट्सडॅम येथे ३१ ऑगस्ट १८२१ रोजी झाला. त्यांना भौतिकशास्त्र शिकायचे होते, पण शिक्षक असलेल्या वडिलांना तो खर्च झेपणारा नव्हता. बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत मात्र शिक्षण मोफत होते. अट एवढीच, की नंतर आठ वर्षे लष्करात डॉक्टर म्हणून नोकरी करायची. १८३८ मध्ये ते तिथे दाखल झाले आणि १८४२ मध्ये डॉक्टर झाले.

लष्करी नोकरी सांभाळूनच त्यांनी १८४७ मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा प्रसिद्ध निबंध लिहिला. पुढच्या वर्षी त्यांची उरलेली नोकरी माफ झाली. १८५१ मध्ये त्यांनी डोळ्याचा आतला पडदा पाहण्याचे उपकरण जगापुढे ठेवले. आजही नेत्रतपासणीत त्याचीच सुधारित रूपे वापरली जातात. डोळ्यानंतर हा पियानोप्रेमी डॉक्टर कानाकडे वळला.

त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. सनई आणि बासरी एकाच पट्टीत तोच ‘सा’ वाजवतात, तरी डोळे मिटूनही आपण दोघींना वेगळे ओळखतो, ते कसे? आपल्या संगीतशास्त्रात या गुणाला नादाची जात म्हणतात. हेल्महोल्ट्झ यांनी वेगवेगळ्या आकारांचे पोकळ गोळे तयार करून घेतले. प्रत्येक गोळ्याचे निमुळते टोक कानात बसे आणि ठरावीक उंचीचा एकच स्वर त्यातून घुमे. एकेक गोळा कानाला लावून त्यांनी दाखवले, की एका स्वराच्या पोटात अनेक उंच स्वर दडलेले असतात. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार हा त्यांतलाच. हे पोटस्वर कोणते आणि किती जोराचे, यावर मुख्यतः नादाची जात ठरते.

सुटे करता येते ते जोडताही आले पाहिजे. म्हणून त्यांनी विद्युतचुंबकाने सतत कंप पावणारे नादकाटे ओळीने मांडले आणि प्रत्येकापुढे घुमणारी नळी ठेवली. पट्ट्या दाबून नळ्यांची झाकणे कमीजास्त उघडली, की काट्यांच्या मिश्रणातून ‘ऊ’, ‘ओ’ असे माणसाच्या तोंडचे स्वर उमटत. ‘ई’ मात्र नीट जमला नाही, कारण त्याला फार उंच पोटस्वर लागतात. विजेच्या मदतीने हवा तसा आवाज घडवण्याचा हा आरंभीचा प्रयोग.

हे सारे त्यांनी १८६३ च्या ग्रंथात मांडले. आवाजाची घडण भौतिकशास्त्राने उलगडते, हे दाखवूनही ते तिथेच थांबले नाहीत. कोणते स्वर निवडायचे आणि त्यांची रचना कशी करायची, हे निसर्गनियम एकटे ठरवत नाहीत. त्यात त्या त्या समाजाची आणि काळाची सौंदर्यदृष्टी असते, असे त्यांनी स्पष्ट केले. आवाज घडवणे आणि चाल बांधणे ही दोन वेगळी कामे ठरली.

१८९४ मध्ये हेल्महोल्ट्झ यांचे निधन झाले. पुढे याच तत्त्वावर अमेरिकेत टेलहार्मोनियम हे अवाढव्य विद्युतवाद्य उभे राहिले. १९५३ मध्ये कोलोनच्या रेडिओ स्टुडिओत कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन यांनी केवळ शुद्ध विद्युतस्वर एकमेकांवर चढवून रचना केली. तिथे चाल बांधणारा आणि आवाज घडवणारा माणूस एकच होता. आज संगणकावर संगीत करणाऱ्यांमध्ये यातले खरे काम कोणते, असा वाद रंगतो. त्याची मुळे या डॉक्टरच्या प्रयोगशाळेपर्यंत जातात.

आपला कान ही दोन्ही कामे रोज समजून घेतो. आतल्या कानाच्या शंखात वेगवेगळ्या जागा वेगवेगळ्या उंचीच्या स्वरांना प्रतिसाद देतात, ही हेल्महोल्ट्झ यांची कल्पना. तिचा तपशील पुढे गेओर्ग फॉन बेकेशी यांनी दुरुस्त केला आणि त्यांना १९६१ चे नोबेल मिळाले. त्या शंखात मेंदूला खबर देणाऱ्या मुख्य केसपेशी सुमारे साडेतीन हजार असतात. कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये त्यांची जागा साधारण १२ ते २२ विद्युताग्रे घेतात. म्हणून इम्प्लांटने बोलणे समजू लागते, ताल कळतो. पण वाद्यांमधला फरक ओळखणे अवघड जाते.

मोठ्या आवाजाने मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत आणि सहसा आधी उंच स्वरांच्या पेशी जातात. गाण्याची चाल ओळखू येत राहते, म्हणून नुकसान लक्षातही येत नाही. हरवते ती नादाची जात आणि बोलण्यातले ‘स’, ‘श’. इअरफोनचा आवाज कमी ठेवा. डीजेच्या भिंतीपासून दूर उभे राहा. कानात शिट्टी वाजत राहिली किंवा शब्द अर्धवट ऐकू येऊ लागले, तर श्रवणचाचणी करून घ्या.