बाइंडिंगच्या दुकानातला पोरगा

मित्रांनो, लहानपणी आपण सगळेच घरच्यांना 'का' विचारून भंडावून सोडायचो. सकाळी आणलेलं खेळणं संध्याकाळपर्यंत खोललेलं असायचं. इंजिनीअरिंगला आलो आणि एकच प्रश्न उरला, हे परीक्षेला येणार का? म्हणूनच मला मायकेल फॅरेडेविषयी लिहावंसं वाटलं.

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळ एका लोहाराच्या घरी. परिस्थिती बेताची, शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती. १८०५ मध्ये तो जॉर्ज रीबो यांच्या बुकबाइंडिंगच्या दुकानात सात वर्षांच्या उमेदवारीवर लागला. पुस्तकं शिवता शिवता हा पोरगा ती वाचूनही काढायचा. बाइंडिंगला आलेल्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला विजेवरचा लेख त्याने वाचला, जेन मार्सेट यांचं रसायनशास्त्राचं पुस्तक वाचलं. पण छापलंय म्हणून खरं, हे त्याला पटेना. परवडेल तेवढ्या सामानात तो करून बघायचा. तांब्याची सात नाणी, जस्ताच्या सात चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद, झाली बॅटरी! मालकाने त्याला अडवलं नाही. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

१८१२ मध्ये एका गिऱ्हाइकाने तिकिटं दिली आणि त्याने रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हम्फ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकली. टिपणं काढून, स्वतः बाइंडिंग करून ती डेव्हींना पाठवली. मार्च १८१३ मध्ये तिथेच प्रयोगशाळेत मदतनिसाची नोकरी मिळाली. १८२१ मध्ये त्याने वीज वाहणारी तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. २९ ऑगस्ट १८३१ ला लोखंडी कड्यावर दोन वाइंडिंग गुंडाळून इंडक्शन शोधलं. आपल्या मशीन्स लॅबमधले मोटर, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर सगळे त्याच घराण्यातले. गणित मात्र त्याला फारसं येत नव्हतं. (एम-थ्री राहिलेल्यांनी नोंद घ्यावी!)

मोठा झाल्यावरही तो पोरांना विसरला नाही. १८२७ ते १८६० या काळात त्याने नाताळात मुलांसाठी १९ व्याख्यानमाला दिल्या. त्यातली एक तर नुसत्या मेणबत्तीवर, सहा व्याख्यानांची! नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीच्या धुराला काडी लावून तो वात न शिवता पुन्हा पेटवून दाखवी. २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो गेला.

कुतूहल सगळ्यांकडेच असतं, त्याला रीबोसारखा मालक भेटावा लागतो. आपल्या सर-मॅडमना एवढीच विनंती, प्रॅक्टिकलला कुणी आडवातिडवा प्रश्न विचारला तर त्याला गप्प बसवू नका. आणि मित्रांनो, हॉस्टेलवर लाइट गेले की मेणबत्ती विझवून धुराला काडी लावून बघाच. मग ती का पेटली, हे एकमेकांना विचारा.